दासगावी पकड

मानसीचा पाय मुरगळला तो नोव्हेंबरातला मंगळवार होता आणि जिल्हा स्पर्धेला सहा आठवडे उरले होते. सराव संपत आला होता. मानसीची चढाई होती. स्नेहलने डाव्या कोपऱ्यातून झेप घेऊन तिचा घोटा धरला, आणि मध्यरेषेकडे धडपडण्याऐवजी मानसी नुसतीच खाली बसली. ओरडली नाही. ओरडणाऱ्या मुलींची मला भीती वाटत नाही. गप्प बसणाऱ्यांची वाटते.

मी अनुपमा. महाडच्या एका मुलींच्या शाळेत मी खेळ शिकवते, म्हणजे मुख्यतः कबड्डीच. माझा स्वतःचा खेळ एकविसाव्या वर्षी थांबला. विद्यापीठाच्या सामन्यात समोरच्या मुलीने माझा घोटा धरून पिळला, त्यानंतर मी पुन्हा चढाईला गेले नाही. जिना उतरताना तो पाय अजून जपावा लागतो.

डॉक्टरांनी मानसीला चार आठवडे विश्रांती सांगितली. हाड शाबूत होतं. स्नेहल मात्र दोन दिवस मैदानावर फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला घरून घेऊन आले, सगळ्यांना गोल बसवलं, माझा चांगला पाय पुढे केला आणि म्हटलं, "एकेकीने धरून दाखवा."

सगळ्यांची रीत एकच निघाली. घोट्याला दोन्ही हातांनी विळखा घालायचा आणि ओल्या कपड्यासारखा पीळ द्यायचा. मोबाइलवर बघून शिकलेलं. आणि खरं सांगायचं तर, पिळू नका असं मीही कधी ठासून सांगितलं नव्हतं. पाय सुटत नाही ना, एवढंच बघत होते.

शेवटी सुम्बुल आली. ही दासगावची, दहावीतली, अंगाने हडकुळी. तिने माझा पाय घोट्याच्या चार बोटं वर, मागच्या बाजूने धरला. अंगठा बोटांच्या जोडीलाच ठेवला, समोरून आवळला नाही. मग पाय तसाच सरळ छातीशी ओढून ती खाली बसली. मी जोर लावला. पाय हलेना, आणि दुखतही नव्हतं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आजोबांनी. दासगावी पकड म्हणतात. आमच्या घरात सगळ्यांना येते, मॅडम. फुप्पीलासुद्धा, म्हणजे माझ्या आत्याला."

दासगावी हा शब्द मी ऐकला होता. कॉलेजात आमचे प्रशिक्षक घोट्याच्या कुठल्याही पकडीला सरसकट तेच म्हणायचे. शब्द तेवढा आमच्यापर्यंत आला होता, त्याच्या आतली पकड वाटेत कुठेतरी सांडली होती. दासगाव आमच्या महाडपासून हाकेच्या अंतरावर, पण तिथे जाऊन विचारावं असं कधी सुचलं नव्हतं.

त्या रविवारी गेले. सुम्बुलचं घर खाडीच्या बाजूला. तिचे आजोबा रमजानचाचा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. शहात्तर वर्षांचे, दाढी पांढरी, पण मनगटं अजून जाड. त्यांच्या पत्नी हफिजाचाचींनी चहा आणला आणि दारातच उभ्या राहून ऐकू लागल्या.

मी पकडीचं विचारलं तसे चाचा खुलले. तरुणपणी ते मुंबईला गोदीत कामाला होते, सात वर्षं गोदीच्या संघात खेळले, मग कुवेतला गेले. "माझ्या हातात गडी घावला की सुटत नव्हता. मोठमोठे खेळाडू यायचे, इचारायचे, ही पकड कुठली? मी म्हनायचो, दासगावची. मी दासगावचा ना. तेच नाव पडलं."

"म्हणजे पकड तुमचीच."

चाचांनी कप खाली ठेवला. "ते मी कधी म्हनलो नाय. लोक म्हनले, मी गप बसलो. गप बसलो ही पन एक चूकच. मी ती नेली फक्त. मला शिकवली हैबतीनं."

"कोण हैबती?"

"पोलादपूरचा. आंबेनळीच्या पायथ्याला वाडी हाय त्याची. माझ्यापेक्षा भारी खेळायचा. मुंबईहून त्याला तीनदा बोलावणं आलं, गेला नाय."

"का नाही गेले?"

"ते त्यालाच इचारा, मॅडम. माझ्या तोंडून नको."

फोटो काही आहे का, असं मी विचारलं. हफिजाचाची दारातून म्हणाल्या, "व्हता एक. संघाचा. एकवीसच्या पुरात कपाटच गेलं, त्यात फोटो, ढाल, समदं."

पुढच्या रविवारी मी आणि सुम्बुल एस.टी.ने पोलादपूरला उतरलो आणि तिथून रिक्षाने आंबेनळीच्या रस्त्याला लागलो. घाट सुरू व्हायच्या आधीच डाव्या हाताला वाडीची वाट फुटते. भाताची झोडणी चालू होती. खळ्यावर एक उंच, वाळलेला म्हातारा पेंढ्याची उडवी रचत होता. खालून सून पेंढ्या फेकत होती, वरून हा झेलत होता, आणि एकही हातातून निसटत नव्हती. सुम्बुलने माझ्याकडे पाहिलं. हेच असणार.

हैबती सकपाळ ऐंशीला टेकले होते. रमजानचं नाव ऐकून ते खाली उतरले. "हाय का तो? बरा हाय ना?" मग सुम्बुलकडे बघून, "ही त्याची नात? धर बघू माझा पाय."

सुम्बुल संकोचली. "धर गो," म्हणाले, "मोडत नाय मी." तिने धरला. त्यांनी वाकून तिचा अंगठा दोन बोटं वर सरकवला. "हितं. ही शीर दाबायची नाय, तिच्या बाजूला ऱ्हायचं. रमजान घाई करायचा, तू पन करतेस."

मी म्हटलं, "आजोबा, ही पकड तुम्ही काढलीत. लोकांना हे कळायला हवं. मला लिहायचंय तुमच्यावर."

ते खळ्याच्या कडेला बसले. पायाला गुडघ्यापर्यंत लागलेला भुसा झटकत राहिले, तो कधीच निघून गेला होता तरी.

"माझी कशी आसंल ती, बाय? मला पिळायला येत व्हतं. सोडायला दुसऱ्यानं शिकिवलं."

सून पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मग त्यांनी सांगितलं ते असं.

सहासष्ट साल होतं. महाडला छबिन्याच्या जत्रेच्या दिवसांत हुतूतूचे सामने व्हायचे. कबड्डी हा शब्द तेव्हा पेपरात असायचा, तोंडात नव्हता. शेवटचा सामना पोलादपूर आणि नाते यांच्यात लागला. नात्याकडून भिकाजी शेलार खेळत होता. चढाईला त्याच्या तोडीचा गडी तालुक्यात नव्हता. मुंबईच्या एका गिरणीचा माणूस त्याला बघायलाच आला होता. खेळही आणि नोकरीही, असं ठरल्यासारखं होतं. पहिल्या डावात भिकाजीने हैबतीला तीन वेळा बाद केलं. तिसऱ्या वेळी मध्यरेषा ओलांडल्यावर त्याने मागे वळून पाहिलं आणि हसला. गर्दी हसली. गर्दीत हैबतीचा बाप होता.

"दुसऱ्या डावात माझ्या हातात त्याचा पाय आला," हैबती म्हणाले. "तो पडला. दम तुटला. पंचानं शिट्टी मारली. तो बाद झाला व्हता, बाय. मला फक्त सोडायचं व्हतं."

 सुम्बुल त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मी शिट्टी ऐकली. ऐकून पिळला. आवाज आला त्याचा."

पोलादपूर जिंकलं. लोकांनी हैबतीला खांद्यावर घेतलं. खेळात होतं असं, असंच सगळे म्हणाले, नात्याची माणसंसुद्धा. शिट्टी आणि पीळ यांच्यामधलं अंतर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हाड बसवणाऱ्याने बसवलं, पण पाय वाकडा जुळला. भिकाजी त्यानंतर जन्मभर लंगडत चालला. आणि महिन्याभराने गिरणीचं बोलावणं आलं ते हैबतीला. नोकरी, संघात जागा, सगळं भिकाजीसाठी ठरलं होतं तेच.

"नाय गेलो. बापानं शिव्या दिल्या. पुन्हा आलं, पुन्हा नाय गेलो. जाऊन त्याच्याच जागेवर हुबं ऱ्हायचं व्हतं मी?"

त्याऐवजी तो नात्याला गेला. चालत. भिकाजी ओट्यावर पाय लांब करून बसला होता. हैबती समोर जाऊन बसला. भिकाजी बोलला नाही. तासाभराने हैबती उठून परत आला. पुढच्या सोमवारी पुन्हा गेला, त्याच्या पुढच्याही. चौथ्या सोमवारी त्याने सांगून टाकलं की, मी शिट्टीनंतर पिळला.

"भिकाजी म्हनला, मला ठाऊक हाय. पाय माझाच व्हता."

"मग?" सुम्बुलने विचारलं.

"मग म्हनला, धरला व्हतास कसा, ते दाव."

दुसरा पाय पुढे करून भिकाजीने त्याला पकड करायला लावली. कुठे दुखायला सुरुवात झाली, कुठे जोर लागला तरी दुखलं नसतं, गडी कुठल्या जागी धरला तर खरोखर अडकतो, हे तो बोट ठेवून सांगू लागला. चढाई करणाऱ्याचा पाय त्याच्याइतका कुणाला कळत नव्हता. अंगणात एक वासरू होतं, खुरात किडे पडलेलं. औषध लावताना भिकाजी त्याचा पाय घोट्याच्या वर, मागून धरायचा. "ह्याला पिळलास तर लाथ मारंल न्हायतर मोडंल," तो म्हणाला, "आन् वर धरलास तर गप हुबं ऱ्हातंय. बघ." तिथून ती पकड सुरू झाली. दोन वर्षं दर सोमवारी हैबती नात्याला जात राहिला. दासगावचा रमजान तेव्हा एकोणीस-वीसचा, चुलत्याबरोबर सुकी मासळी घेऊन नात्याकडे यायचा. तोही थांबू लागला. भिकाजी ओट्यावर बसून सांगायचा, रमजान चढाई करायचा, हैबती धरायचा. मग उलट. मग रमजान मुंबईला गेला आणि पकड त्याच्याबरोबर गेली. हैबतीचं नात्याला जाणं पुढेही सुटलं नाही.

"आणि भिकाजी?" मी विचारलं.

"वारला. चौदा वर्सं झाली. मी गेलो व्हतो, मागं हुबा ऱ्हायलो. त्यापुढं नात्याला पाऊल टाकलं नाय."

"इतकी वर्षं जात होतात, मग का नाही?"

"त्याला मी सांगितलं व्हतं. वयनीला कधी सांगितलं नाय. ती मला भावजी म्हनायची, पुढ्यात ताट ठेवायची. तो व्हता तवर त्याच्याकडं जातोय म्हनून जमलं. आता कुनाकडं जाऊ?"

वाऱ्याने पेंढा उडत होता. मी त्यांना महाडला येऊन मुलींना शिकवाल का, असं विचारलं. ते म्हणाले, "त्या घरात इचारल्याबिगर नाय शिकवनार. पकड त्या घरातली हाय."

"मग विचारायला जाऊ. मी येते बरोबर."

"तू येशील म्हनूनच बोललो," ते म्हणाले.

आम्ही गुरुवारी गेलो, सुट्टी होती म्हणून. हैबती धुतलेलं धोतर आणि डोक्याला टोपी घालून पोलादपूरच्या स्टँडवर माझ्या आधी येऊन थांबले होते. महाडला गाडी बदलली, तिथे सुम्बुल भेटली. रायगडाच्या रस्त्याने नात्याला पोचलो. उतरल्यावर वाट विचारावी लागली नाही. हैबती झपझप पुढे निघाले. घराला आता स्लॅब पडला होता, तरी समोरचा ओटा जुनाच ठेवला होता.

भिकाजीच्या पत्नी रंगूबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले.

"भावजी? किती वाळलात वो."

त्यांनी आम्हाला आत घेतलं. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. त्या सुम्बुलला जवळ बसवून रमजानची चौकशी करू लागल्या. हैबती ओट्याच्या कडेवर टेकले होते, आत आलेच नव्हते. चहा झाला. मी काही बोलणार तेवढ्यात ते बाहेरूनच म्हणाले, "वयनी, मला एक सांगायचं हाय."

"या की आत."

"हितंच बरं हाय. त्या दिशी शिट्टी झाली व्हती. ती झाल्यावर मी पाय पिळला. चुकून नाय झालं ते."

मला वाटलं आता काहीतरी होईल. रंगूबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"मला म्हायीत हाय," त्या म्हणाल्या. "पाय मोडून घरी आनला त्या दिशीच त्यांनी सांगितलं व्हतं."

हैबती त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग मला घरात का घेतलंत?"

"पयल्यांदा घेतलं नव्हतंच. चार येळा आलात, चारी येळा पानी सुदीक इचारलं नाय. तुमाला आठवत नसंल."

"आठवतं."

"मला वाटायचं, हा मानूस कशाला येतो, ह्याला लाज कशी नाय. एक दिस तर दार लावून घेनार व्हते. पर त्या चौथ्या सोमवारी तुमी गेलात आन् ह्यांनी जेवाय मागितलं. पाय मोडल्यापासनं मागून जेवले नव्हते. पुढं ठेवलं तर चिवडायचे, नायतर तसंच. त्या दिशी मागितलं. वर म्हनले, कोरड्यास तिखट कर." रंगूबाईंनी सूप खाली ठेवलं. "मग मी तुमचं ताट मांडायला लागले. तुमच्यासाठी नाय मांडलं, भावजी. त्यांच्यासाठी मांडलं. नंतर नंतर तुमच्यासाठी पन."

हैबतींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते रडले नाहीत. पण त्यांचा श्वास लांबवरून चालून आलेल्या माणसासारखा झाला होता, आणि तो शांत व्हायला वेळ लागला.  रंगूबाईंनी पुन्हा पाखडायला घेतलं.

थोड्या वेळाने मी पकडीचं विचारलं. मुलींना शिकवली तर चालेल का?

"मला काय इचारता? शिकवा की." आणि मग त्यांना हसू आलं. "माझ्या हातावर तर शिकलेत. आमचे हे म्हनायचे, हैबतीचा हात लोखंडाचा, त्याला कायबी जमंल. कमी ताकदीच्या मानसाला जमली तर पकड खरी. मग मला बसवायचे खाली आन् म्हनायचे, रंगू, माझा पाय धर. मी धरायची. ते हिसका मारायचे. मी एकदा उंबऱ्यावर पडले, तवा अंगठा आत घ्यायचं ठरलं. अंगठा बाह्यार ऱ्हायला की बाईमानसाचा हात निसटतो."

मी सुम्बुलच्या हाताकडे पाहिलं. तिचा अंगठा बोटांच्या जोडीला कुठून आला होता ते आता कळलं.

"तुम्हीही या महाडला," मी रंगूबाईंना म्हटलं. त्या नको नको म्हणाल्या, आणि आल्या.

हैबती तीन रविवार आले. पहिल्या दिवशी मुलींनी अपेक्षेने रांगा लावल्या, पण त्यांनी कुणालाच पकड शिकवली नाही. माझ्या गळ्यातली शिट्टी मागून घेतली. जोड्या केल्या. एकीने दुसरीचा पाय कसाही धरायचा. शिट्टी वाजली की बोटं उघडायची. एवढंच. सकाळभर तेच. शिट्टी कधी लगेच वाजायची, कधी एवढ्या उशिरा की हात भरून यायचे. ज्या मुलीची बोटं क्षणभर उशिरा उघडत, तिच्याजवळ जाऊन ते उभे राहत.

स्नेहल वैतागली. "आजोबा, पकड कधी शिकवणार?"

"हीच पकड हाय," ते म्हणाले. "आधी उघडाया शिक. धरायचं काय, ते पोराला पन येतं."

दुसऱ्या रविवारी अंगठा, शीर, छातीशी ओढणं, खाली बसणं आलं. रंगूबाई सावलीत खुर्चीवर बसून होत्या. कुणाचा अंगठा बाहेर राहिला की "आत घे गो" असा त्यांचा आवाज यायचा. मानसी पट्टी बांधलेल्या पायाने त्यांच्या शेजारी बसायची. तिसऱ्या रविवारी डॉक्टरांनी तिला परवानगी दिली होती. ती उठली आणि थेट स्नेहलच्या कोपऱ्यात चढाईला गेली.  स्नेहलने धरलं, मानसी पडली, हैबतींनी शिट्टी मारली, आणि स्नेहलची बोटं अशी उघडली की जणू काहीतरी तापलेलं हातात होतं. मानसी उठून उभी राहिली. पाय आपटून पाहिला. "काही नाही झालं," म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

मधल्या काळात मी एक लेख लिहिला. जिल्ह्यातल्या जुन्या खेळाडूंची एक स्मरणिका निघणार होती, तिच्यासाठी. भिकाजी शेलार, हैबती सकपाळ, रंगूबाई शेलार आणि रमजानचाचा, चौघांची नावं त्या क्रमाने लिहिली. संपादकांचा फोन आला. माणूस भला होता. प्रमाणपत्र, संघाचा फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण, काहीतरी लागेल म्हणाला. पुरावा म्हणून माझ्याकडे एका मुलीचा अंगठा होता. लेख छापला गेला नाही. हैबतींना मी कळवलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि घरच्या झोडणीच्या, सुनेच्या बोलण्यावर गेले. रंगूबाईंना मात्र राग आला. "कात्रान कुठलं आनायचं? ह्यांचा पाय दावायचा व्हता का?"

जिल्हा स्पर्धा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अलिबागला झाली. आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो आणि दोन गुणांनी हरलो. मुली थोडा वेळ रडल्या, मग वडापाव खायला गेल्या. मी मैदानाच्या कडेला सामान आवरत होते, तेव्हा आम्हाला हरवलेल्या संघाचे प्रशिक्षक माझ्याजवळ आले. पन्नाशीचे, थोडे स्थूल, गळ्यात दोन शिट्ट्या.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या मुलींनी आज आमच्या मुलींना अकरा वेळा घोट्यात धरलं. मी मोजत होतो, कारण मला भीती होती. एकीलाही लागलं नाही. शिट्टी वाजली की सगळ्यांची बोटं एकदम उघडायची. हे कुठून आणलंत?"

मी सांगायला लागले. आधी थोडक्यात सांगणार होते, पण ते मला थांबू देईनात, म्हणून छबिन्याच्या सामन्यापासून सगळं सांगितलं. वासराचं सांगितलं, उंबऱ्याचं सांगितलं. पलीकडे त्यांच्या अंतिम सामन्याची तयारी चालली होती, मुली त्यांना हाक मारत होत्या. त्यांनी हाताने थांबा म्हटलं, खिशातून गुणपत्रक काढलं, ते उलटं केलं आणि पेन उघडलं.

"पहिलं नाव काय म्हणालात?"

"भिकाजी शेलार. गाव नाते."

त्यांनी गुडघ्यावर कागद धरून, एकेक अक्षर सुटं काढत ते लिहून घेतलं, आणि पुढचं नाव विचारलं.